माळाच्या शाळेचा पट

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला महाबळेश्वर आहे. तिथं वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व कडेला आमचा माणदेश. इथं साडेचारशे-पाचशे मिलिमीटर झाला की लोक म्हणतात, औंदा पाऊस बरा झाला. मधलं अंतर एका दिवसात एसटीनं कापता येतं, पण सह्याद्रीनं ढग अडवले की पलीकडं काय उरतं ते माणच्या कोरड्या पात्रात उभं राहून बघावं.

माण आणि खटाव हे तालुके साताऱ्यात. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ सांगलीत. पूर्वी सातारा जिल्हा मोठा होता. १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० पासून त्याला सांगली म्हणू लागले. त्याआधी आटपाडी औंध संस्थानात होती, जत डफळ्यांच्या संस्थानात. कागदावरच्या सरहद्दी कितीदा बदलल्या, पण मेंढराला त्या कधी कळल्या नाहीत. त्याच्या लेखी म्हसवडपासून माडग्याळपर्यंत माळ एकच. तो माळ कसा जगला आणि आता कशानं थकत चालला, एवढंच मला सांगायचं आहे. शिक्षण माझं दहावीपर्यंतचं. पण पन्नास वर्षं याच माळाच्या उरावर शेती केली, शेरडं राखली, त्यामुळं त्याचा हिशोब थोडाफार तोंडपाठ झाला आहे.

शहरातल्या माणसाला आमचा माळ म्हणजे ओसाड जागा वाटते. सरकारी कागदातही तो ‘पडीक’ म्हणूनच येतो. खरं तर तिथं गवतांची मोठी वस्ती असते, आणि त्या वस्तीत श्रेष्ठ-कनिष्ठ असतं. पहिला मान पवन्याचा. डोंगरउतारावरच्या हलक्या, मुरमाड रानात ठोंब धरून उभं राहणारं, जनावर जिभेनं ओढून खातं असं गवत. काळीच्या अंगाला, ओढ्याकाठी मारवेल. ही दोन्ही बहुवर्षायू. वरचा पाला गेला तरी मूळ जिवंत राहतं आणि मृगाचा शिडकावा झाला की त्याच ठोंबातून पुन्हा कोंब निघतो. यांच्या खाली कुसळीचा नंबर. कोवळी असताना जनावर खातं, पण कुसळं आली की तोंड लावत नाही. तिचं बी मिशीवाल्या भाल्यासारखं असतं. ओल लागली की मिशी पीळ सोडते आणि बी आपोआप जमिनीत घुसतं. मेंढराच्या लोकरीत अडकून ते गावोगाव फिरतं. तिच्याही खाली तीन मिशांची बारीक कुसळगवतं, ज्यांत खायला काही नसतं. आणि शेवटी तरवड, ज्याला शेळीसुद्धा सहसा विचारत नाही.

१९७३ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं दबडघाव आणि शंकरनारायण या दोघा शास्त्रज्ञांचं भारतातल्या गवतांवरचं पुस्तक काढलं. दख्खनच्या पठारावरच्या गवताळ रानाला त्यांनी पवना आणि मारवेल यांच्याच कुळांचं नाव दिलं आहे. चराईचा ताण वाढत गेला की आधी पवना मागं सरतो, मग कुसळी पुढं येते, मग तीही जाऊन मिशांची गवतं उरतात, अशी उतरती पायरी शास्त्रज्ञ सांगतात. आमची म्हातारी माणसं हेच वेगळ्या तऱ्हेनं सांगायची. मेंढराच्या लोकरीत कुसळं किती गुंतली यावरून ती माळ कुठल्या पायरीवर आला ते ओळखत.

आता कुणी म्हणेल, मग दोष मेंढरांचा. एवढं सोपं असतं तर हा माळ कधीच उघडा पडला असता. या मुलखात धनगर शेकडो वर्षं मेंढरं राखत आले. काळी दख्खनी मेंढी, जिच्या लोकरीची घोंगडी होते. जतकडची उंच, बाकदार नाकाची माडग्याळ मेंढी. आणि म्हसवड-आटपाडीचा खिलार बैल, ज्याच्यासाठी खरसुंडीच्या जत्रेत दुरून गिऱ्हाईक येतं, ही सगळी याच गवतावर घडली. इतकी तोंडं इतकी वर्षं चरूनही पवना टिकला होता, तो कसा, हा खरा प्रश्न आहे.

त्याचं पहिलं उत्तर चालण्यात आहे. मेंढराला चिखल आणि सततचा पाऊस सोसत नाही, खूर सडतात. म्हणून पावसाळ्याचे चार महिने मेंढरं या कमी पावसाच्या पट्ट्यात राहायची. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकून वाडे पश्चिमेला निघायचे. कुणी कृष्णाकाठी, कुणी कोल्हापूरकडं, कुणी घाट उतरून कोकणात. तिथं शेतकरी रानात मेंढरं बसवून घेत, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देत. परत यायची ती वळवाचे पाऊस बोलू लागले की. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने आमचा माळ मोकळा असायचा. वाळलेल्या ठोंबाला उन्हाळाभर कुणी मुळापर्यंत कुरतडायला नव्हतं आणि पावसाळ्यात उगवलेलं नवं रोप पहिला उन्हाळा काढून जायचं.

दुसरं उत्तर कुरणाचं. मराठेशाहीत घोडदळ होतं आणि घोड्याला गवत लागायचं, म्हणून ठिकठिकाणी सरकारी कुरणं राखलेली असत. त्याशिवाय गावाचं गायरान, आणि शेतकऱ्याच्या मालकीच्या माळपट्ट्या. राखीव कुरणात पोळा-दसऱ्याच्या आत जनावर सोडायचं नाही, गवत पिकून बी गळालं की मग विळा लावायचा, हा रिवाज. आमच्यात म्हातारी माणसं शेरडं हाकणाऱ्या पोरांना ओरडायची, “आरं, गवताला लेकरं हू द्या, मग चारा!” लहानपणी आम्हाला ते हसायला यायचं. त्या एका वाक्यात माळाचं सगळं गणित होतं.

इंग्रजी अमलात हा मेळ विस्कटला. १८७८ च्या जंगल कायद्यानं डोंगर आणि कुरणं सरकारी राखीव जंगलात जाऊ लागली. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात जंगल खात्यानं गायरानं आणि डोंगर गिळल्यामुळं शेतकऱ्याच्या जनावरांना चरायला जागा उरली नाही, ही तक्रार ठळकपणे केली आहे. मला त्यात एक पुढचा अर्थ दिसतो. एकीकडं राखीव रान बंद झालं, पण तोंडं तेवढीच राहिली, म्हणजे उरलेल्या गायरानावर दुप्पट भार आला. बंद रानातलं गवत वाळून जायचं आणि उघड्या रानातलं मुळासकट जायचं. गवताचं नुकसान चराईनं होतं तसं चुकीच्या वाटणीनंही होतं.

आता दुष्काळाकडं येतो, कारण माळाचं नशीब चांगल्या वर्षांपेक्षा दुष्काळ आणि त्याच्या मागून येणाऱ्या वर्षानं ठरतं.

या मुलखाच्या आठवणीत दुर्गादेवीचा दुष्काळ आहे, चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन बारा वर्षं चाललेला, असं परंपरा सांगते. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ कागदोपत्री आहे. आटपाडी तालुक्यातला राजेवाडीचा तलाव, ज्याला म्हसवडचा तलावही म्हणतात, त्याच दुष्काळी कामात उभा राहिला. मग १८९६ चा, मग १८९९-१९०० चा छप्पन्या. आणि १९७२, जो मी स्वतः पोरवयात पाहिला. खडी फोडायला गेलेल्या बायका, सुकडी, मिलो, आणि दावणी रिकाम्या होत गेलेला वाडा. रोजगार हमीची कल्पना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. त्या योजनेनं आमच्यासारख्यांची चूल पेटती ठेवली, हे विसरायचं नाही.

जुन्या दुष्काळात माणसाच्या हालाबरोबर आणखी एक गोष्ट घडायची, आणि ती सांगताना जीव चरकतो. गवत संपलं की जनावरंही संपायची. काही मरायची, काही कवडीमोलानं विकली जायची, काही घेऊन माणसं मुलूख सोडायची. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त शेवटी दुष्काळानं वाडीच उठते. कादंबरी १९५५ ची, पण असं उठणं या भागात किती पिढ्यांनी केलं असेल. नंतर पाऊस पडायचा तेव्हा माळावर तोंडंच उरलेली नसायची. उरलेल्या ठोंबांना धुमारे फुटायचे, बी धरायचं, गळायचं, पुढच्या मृगात त्याची रोपं व्हायची आणि त्यांना खाणारं कुणी नसायचं. कळप पुन्हा भरायला चार-पाच वर्षं लागायची. तेवढ्या अवधीत माळाची एक नवी पिढी उभी राहायची. गुराख्याची बुडीत ती गवताची कमाई, असा निर्दय व्यवहार होता.

आता काळ बदलला. २०१२-१३ साली आणि पुन्हा २०१८-१९ साली माण, खटाव, आटपाडी, जत भागात चारा छावण्या लागल्या. पश्चिमेकडून उसाचे ट्रक यायचे, टँकरनं पाणी यायचं. जनावरं जगली. हे चांगलंच झालं, छावणी नको असं म्हणणाऱ्याच्या दावणीला जनावर नसणार. पण माळाच्या बाजूनं बघा. पहिला पाऊस पडला, छावणी उठली आणि सगळी तोंडं एकाच आठवड्यात माळावर. दोन वर्षं उपाशी राहिलेल्या ठोंबानं मुळातला शेवटचा साठा खर्चून जे दोन कोंब वर काढले, तेच पहिल्या घासात गेले. दुष्काळानं जे मारलं नाही, ते दुष्काळानंतरच्या पहिल्या महिन्यानं मारलं.

हे का घडतं, ते साध्या आकड्यांत मांडून बघू. हा हिशोब फक्त समजण्यासाठी, मनातला धरलेला. समजा एका टेकडीवर पवन्याचे हजार ठोंब आहेत. म्हातारे होऊन, वाळवी लागून, वाळून दरवर्षी शंभरातले पाच मरतात. आपल्याकडं नवं रोप रुजून मोठं होण्याजोगं वर्ष, म्हणजे लागोपाठ ओल राहिलेलं वर्ष, समजा सहा वर्षांतून एकदा येतं. सहा वर्षांत हजाराचे साधारण ७३५ उरतील. त्या चांगल्या वर्षी शंभर ठोंबांमागं ४० नवी रोपं लागली तर २९४ ची भर पडून आकडा १०२९ होतो. माळ जागेवर राहिला.

आता तेवढीच मेंढरं, तेवढाच पाऊस, पण भादव्यात फुलोऱ्यावर चराई झाली म्हणून बी निम्मं पडलं. शंभरामागं २० च रोपं लागली. सहा वर्षांनी ८८२ ठोंब. हजाराचे ८८२ झाले तर कुणाच्या डोळ्याला कळणार? पण तीस वर्षांत हेच पाचदा झालं की ५३४ च उरतात. निम्मा माळ गेला आणि एकाही वर्षी कुणाला काही झाल्यासारखं वाटलं नाही. आणि एखादं चांगलं वर्ष पुरतं वाया गेलं, रोपं लागली ती सगळी चरली गेली, तर बारा वर्षं भरच नाही. ठोंब एकदम ५४० वर येतात. म्हणजे तीस वर्षांचा तोटा बारा वर्षांत.

काही वर्षांपूर्वी विद्यापीठात शिकणारा एक तरुण गवतं गोळा करत आमच्या बांधावर आला होता. त्यानं मला सांगितलं की अशा हिशोबाचं मोठं शास्त्र आहे आणि तो संगणकावर करतात. दक्षिण आफ्रिकेत कारू नावाचा कोरडा मुलूख आहे, मेंढरांचाच मुलूख. तिथल्या झुडपांवर थॉर्स्टन विगांड आणि सू मिल्टन यांनी १९९० नंतरच्या दशकात असं काम केलं. प्रत्येक रोपाचं जन्मणं, वाढणं, बी धरणं, मरणं संगणकात घालायचं, तिथल्या पावसाच्या नोंदी घालायच्या आणि कित्येक दशकं पुढं चालवून बघायचं. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, पावसाची सरासरी महत्त्वाची नाही, पाऊस कुठल्या क्रमानं येतो ते महत्त्वाचं. बी धरायला एक चांगला काळ आणि त्याच्या मागून रोप जगायला दुसरा, असा जोड मिळाला तर पिढी उभी राहते, आणि असा जोड विरळा. दुसरी, एकदा जास्त चरून बिघडलेलं रान चराई थांबवली म्हणून दहा-वीस वर्षांत सुधारेलच असं नाही. ते कोरडं शास्त्र ऐकताना मला आमच्या म्हाताऱ्या माणसांची ओरड आठवली. गवताला लेकरं हू द्या.

आमच्या भागातल्या माणसाला हे पटवायला मी एक दाखला देतो. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. माणमधली मुंबईला गेली. अशा एखाद्या वाडीत जा. घरं चांगली पक्की, पारावर वीस-पंचवीस म्हातारी बसलेली, मतदार यादीही भरगच्च. बघणाऱ्याला वाटतं, गाव नांदतं आहे. पण शाळेत जाऊन पट विचारा. पहिलीत दोन पोरं, दुसरीत एक. त्या वाडीचं पुढं काय होणार ते मतदार यादीत दिसत नाही, शाळेच्या पटात दिसतं. माळाचंही तसंच. मोठे ठोंब डुलताना दिसले म्हणून माळ चांगला आहे असं समजू नये. ते म्हातारे आहेत. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत गुडघे टेकून बघावं, बोटाएवढी रोपं आहेत का. नसतील तर तो माळ आजचा दिसतो, उद्याचा नाही.

यावर उपाय म्हणून चराईबंदी सांगतात. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, गवत कापून न्यायला मुभा दिली आणि डोंगर भरून काढला, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या सांगली जिल्ह्यात सागरेश्वरचा डोंगर आहे. धोंडीराम मोहित्यांसारख्या माणसांनी ध्यास घेऊन तो उघडा डोंगर राखला, झाडं लावली आणि १९८५ साली तिथं अभयारण्य झालं. राखलं तर रान उठतं, याबद्दल मला शंका नाही.

पण बंदीची किंमत कोण देतो, हेही विचारलं पाहिजे. ज्याची विहीर आहे तो बांधावर गवत करील, मका करील. ज्याच्या घरात चार शेरडं एवढीच पुंजी आहे, ती विधवा बाई कुठं जाईल? धनगराचा वाडा कुठं जाईल? त्यांना हाकलून माळ राखला तर तो फुल्यांच्या काळातलाच अन्याय नव्या पाटीखाली होईल. शिवाय गवताला चराई अजिबातच नको असंही नाही. वर्षानुवर्षं न कापलेलं, न चरलेलं गवत आपल्याच वाळल्या पाचोळ्यात घुसमटतं. माळाला हवी असते ती वेळेवरची सुट्टी. कायमची कोंडी त्याच्या कामाची नाही.

ती सुट्टी द्यायचे जुने मार्ग मात्र एकेक करून बंद होत आहेत. टेंभू, म्हैसाळच्या योजनांचं पाणी आलं, माळाचा मुरूम फोडून डाळिंबाच्या, द्राक्षाच्या बागा झाल्या. आयुष्यभर टँकरकडं बघणाऱ्यांच्या रानात पाणी खेळलं, याचा आनंद मलाही आहे. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पण बागेला कुंपण आलं, कृष्णाकाठी बारमाही ऊस झाला, तशी मेंढरं बसवायला रिकामी रानं कमी झाली आणि वाड्यांच्या वाटा तुटल्या. पूर्वी दिवाळीला जाणारे कळप आता बराच काळ आहे त्या तुकड्यावरच फिरतात. गायरानावरची अतिक्रमणं वेगळी. सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा असा निकाल दिला, पण मोकळं झालेलं गायरान गवताला मिळतंच असं नाही. कित्येकदा तिथं खड्डे खणून झाडं लावतात, कारण झाड मोजता येतं, फोटोत येतं. पवन्याचं रोप फोटोत येत नाही.

माझ्या मते एक गोष्ट गावाच्या हातातली आहे आणि तिला फार पैसा लागत नाही. दुष्काळाच्या वर्षी छावणी लागते तशी ती पाऊस पडल्यावरही महिना-दीड महिना चालू ठेवावी. तेवढ्या दिवसांचा चारा म्हणजे गवताला दिलेलं भांडवल समजावं. आणि दुष्काळ संपल्यावरची दोन वर्षं गायरानाचे तीन भाग करून एक भाग आळीपाळीनं दिवाळीपर्यंत झाकावा. त्या भागावर ज्याची शेरडं अवलंबून आहेत त्याला कापलेल्या गवताचा पहिला वाटा द्यावा, बागायतदाराचा नंबर नंतर. हे ठरवायला ग्रामसभा पुरते. जुन्या काळी दुष्काळात जनावरं मेली म्हणून गवत वाचलं. आपल्याला जनावरं आणि गवत दोन्ही वाचवायची आहेत, म्हणून जे काम पूर्वी मरण करायचं ते आता ठरावानं करावं लागेल.

आमच्या वाडीच्या उत्तरेच्या उतारावर अजून पवना आहे. ठोंब मोठे आहेत, दसऱ्याला त्यांचे तुरे वाऱ्यावर हलतात. पुढचा दुष्काळ कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, पण येईल एवढं नक्की. त्याच्या मागून येणाऱ्या पावसाळ्यात या ठोंबांच्या मधल्या जागेत कुणाचे खूर पडतात आणि कुठल्या महिन्यात पडतात, त्यावर नातवंडांच्या वेळी या उताराला लोक पवन्याचा उतार म्हणतील की तरवडाचा, ते ठरणार आहे.